शब्दांच्या आधीचा आवाज



ज्या बाईंचे नाव या व्याख्यानाला आणि या पुस्तिकेच्या मुखपृष्ठाला दिलेले आहे, त्यांच्या शिशुवर्गात मी पाटी घेऊन बसलो होतो. त्यामुळे आजचे निमंत्रण मला सन्मानाचे वाटले, तसेच थोडे भीतीचेही वाटले. बाईंच्या समोर चुकीचे बोलण्याची भीती वयाच्या पंचाहत्तरीतही गेलेली नाही. आपण मला बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी शाळेचा मनापासून आभारी आहे.

आपले नेपानगर हे कागदाचे गाव. १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते ही गिरणी राष्ट्राला अर्पण झाली. जंगलातील बांबू आणि सलई यांपासून येथे वृत्तपत्राचा कागद होऊ लागला आणि देशातील कितीतरी वृत्तपत्रे त्या कागदावर छापली गेली. २०१६ साली नूतनीकरणासाठी उत्पादन थांबले आणि २०२२ साली ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा दूर राहणाऱ्या आमच्यासारख्यांनाही घरातला एखादा आजारी माणूस उठून बसल्यासारखे वाटले. ज्या गावाने देशाला शब्द छापण्यासाठी कागद दिला, त्या गावात मी आज कागदाच्या कितीतरी आधीच्या, किंबहुना शब्दाच्याही आधीच्या भाषेविषयी बोलणार आहे. तान्हे मूल माणसांचे आवाज कसे ऐकते, निरनिराळ्या आवाजांना ते कसा प्रतिसाद देते आणि त्यावरून आपण मोठ्या माणसांनी काय समजावे, हा माझा विषय आहे.

मराठीच्या प्राध्यापकाने हा विषय का निवडावा, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर देण्यासाठी मला स्वतःची एक चूक सांगावी लागेल. ती मी आजवर जाहीरपणे कोठेही सांगितलेली नाही.

१९८० साली मला मुलगा झाला. मी तेव्हा तीस वर्षांचा होतो. पीएच.डी. नुकतीच पदरात पडली होती, खानदेशातील एका महाविद्यालयात मी मराठी शिकवत होतो आणि शुद्ध भाषेचा अभिमान माझ्या अंगात पुरेपूर भिनला होता. मूल तीन महिन्यांचे झाल्यावर आम्ही त्याला येथे, वडिलांच्या क्वार्टरमध्ये घेऊन आलो. माझी आई रावेरकडची. तिने नातवाला मांडीवर घेतले आणि तिचे सुरू झाले : ‘अले अले अले, कोन आलं गं? माजं शोनुलं आलं! मंमं कलायची? गाई कलायची?’ तिचा आवाज चढे, उतरे, लांबे. पोर तिच्या ओठांकडे टक लावून बघे आणि पाय झाडी. मला मात्र ते सहन होईना. मी आईला म्हणालो, ‘आई, त्याच्याशी नीट बोल. आत्तापासून बोबडं ऐकलं तर ते बोबडंच बोलेल.’ माझ्या बोलण्यात पदवीचा तोरा होता, हे आज मला स्पष्ट दिसते. आई काही बोलली नाही. तिने मान हलवली आणि त्यानंतर ती मुलाला मुकाट्याने मांडीवर घेऊन बसू लागली. ‘नीट’ कसे बोलायचे ते तिला ठाऊक नव्हते आणि जे ठाऊक होते ते मी बंद केले होते.

दोन-तीन दिवसांनी बाई मूल पाहायला घरी आल्या. शिशुवर्गात वर्षानुवर्षे काढलेल्या त्या बाईंना घरातली शांतता लगेच जाणवली. आईने संकोचत कारण सांगितले. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘अरे, एवढा शिकलास आणि तुला इतकं कळू नये? बाळ शब्द ऐकत नाही रे, बाळ माणूस ऐकतं. तू तुझ्या आईला गप्प केलंस.’

त्या वाक्याचा पुरता अर्थ कळायला मला पुढची कित्येक वर्षे लागली. आजचे हे व्याख्यान म्हणजे बाईंच्या त्या एका वाक्यावरचे भाष्य आहे, असे आपण समजावे.

योगायोग असा, की ज्या वर्षी हा प्रसंग घडला, त्याच १९८० साली अमेरिकेतील अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या दोन मानसशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न साधा होता : नुकतेच जन्मलेले मूल आपल्या आईचा आवाज ओळखते का? परंतु जे मूल बोलू शकत नाही, बोट दाखवू शकत नाही, मानही धड सावरू शकत नाही, त्याला विचारायचे कसे? त्यांनी एक युक्ती योजली. बाळाच्या तोंडात चोखणी दिली आणि ती यंत्राला जोडली. बाळ सलग चोखत नाही. थोडे चोखते, थांबते, पुन्हा चोखते. दोन वेळांच्या चोखण्यातले अंतर एका प्रकारचे असले, तर कानावर आईचा आवाज येई. दुसऱ्या प्रकारचे असले, तर दुसऱ्या एखाद्या बाळाच्या आईचा. दोघीही लहान मुलांची एकच गोष्ट वाचत होत्या. म्हणजे शब्द तेच होते, फरक फक्त आवाजाचा. तीन दिवसांच्या आतल्या दहा अर्भकांवर हा प्रयोग झाला आणि त्यांतील बहुतेकांनी आपले चोखणे बदलून आईचा आवाज मागून घेतला. जगात येऊन ज्यांना तीन दिवसही झाले नव्हते, त्यांनी निवड केली होती!

ही ओळख तीन दिवसांत झालेली नव्हती. गर्भाला सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू येऊ लागते. बाहेरचे आवाज आईच्या उदरातून जाताना गाळले जातात. व्यंजनांच्या धारा बोथट होतात, शब्द शब्द राहत नाहीत. पण स्वरांचा चढउतार, बोलण्याचा ठेका आणि लय मात्र आतपर्यंत पोचते. शेजारच्या खोलीत कोणी बोलत असावे, शब्द कळू नयेत, तरी बोलणारा कोण आहे आणि तो रागावला आहे की आनंदात आहे हे कळावे, तसेच काहीसे. आईचा आवाज तर दोन वाटांनी पोचतो, हवेतून आणि तिच्या शरीरातूनही. म्हणून तो सर्वांत अधिक परिचयाचा होतो. १९८६ साली डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी गर्भवती स्त्रियांना शेवटचे सहा आठवडे रोज एकच गोष्ट मोठ्याने वाचायला सांगितली. जन्मानंतर त्यांच्या बाळांनी नव्या गोष्टीपेक्षा ती आधी ऐकलेली गोष्ट ऐकणे पसंत केले.

येथे आपल्याला अभिमन्यूची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या प्रयोगांनी इतकेच सिद्ध केले, की बाळ लय आणि आवाज ओळखते. गर्भाला ज्ञान होते, पोटावर ध्वनियंत्र लावल्याने मूल बुद्धिमान होते, असे त्यांतून निघत नाही. गर्भसंस्काराच्या नावाखाली आज जे विकले जाते, त्याच्या मोहात तरुण पालकांनी पडू नये. आईने घरात नेहमीसारखे बोलावे, हसावे, गुणगुणावे, एवढे त्याला पुरते.

आता येथे बसलेल्या वडीलमंडळींना थोडे खट्टू करणारी गोष्ट सांगतो. वडिलांच्या आवाजावरही असाच प्रयोग झाला. नवजात मुले दोन पुरुषांच्या आवाजांतला फरक ओळखतात, पण दुसऱ्या पुरुषाच्या आवाजापेक्षा बापाच्या आवाजाला त्यांनी झुकते माप दिले नाही. आईची ओळख मुलाला जन्मतःच असते. बापाला, आजोबांना, आत्या-मावशीला ती कमवावी लागते. आणि ती कमावण्याचा मार्ग एकच, मुलाशी बोलणे.

आवाजाबरोबर मूल आणखी एक गोष्ट घेऊन येते. ती म्हणजे आपल्या भाषेची चाल. १९८८ साली फ्रान्समध्ये जाक मेहलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की चार दिवसांची फ्रेंच बाळे फ्रेंच आणि रशियन यांतला फरक ओळखतात. बोलणारी बाई एकच, दोन्ही भाषा जाणणारी, तरीही. पुढे २००९ साली जर्मनीतील कॅथलीन वेर्मके यांच्या गटाने तीस फ्रेंच आणि तीस जर्मन नवजात अर्भकांचे रडणे ध्वनिमुद्रित केले. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जाणारा आढळला, जर्मन बाळांचा उतरत जाणारा. त्या त्या भाषेच्या वाक्याची चाल जशी, तसा. मूल भाषा बोलण्याच्या आधी त्या भाषेत रडते, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरू नये.

हे वाचताना मला आपली कॉलनी आठवली. एका ओळीच्या क्वार्टरांत मराठी, शेजारी निमाडी, पलीकडे बंगाली, कोणाकडे पंजाबी, कामाला येणाऱ्या बायकांच्या तोंडी कोरकू आणि सर्वांच्या मधून वाहणारी हिंदी. पाळीचा भोंगा झाला तरी झोपलेले पोर हलत नसे. पण आईने शेजारणीशी हलक्या आवाजात बोलणे सुरू केले की ते डोळे उघडत असे. हे मी लहानपणी माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत पाहिले आहे. तेव्हा नवल वाटले होते. आता त्याचे कारण कळते. आवाज मोठा की लहान, यापेक्षा तो कोणाचा आहे, याला त्याच्या लेखी अधिक महत्त्व होते.

आता मी माझ्या चुकीकडे, म्हणजे बोबड्या बोलांकडे येतो. पुढे भाषाविज्ञानाचे वाचन करताना माझ्या हाती डॉ. अशोक केळकर यांचा एक लेख आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील हे थोर भाषावैज्ञानिक आपल्याला ‘रुजुवात’मुळे परिचित आहेत. या ग्रंथाला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांनी १९६४ साली ‘वर्ड’ या इंग्रजी नियतकालिकात मराठीतील बाळबोलीवर लेख लिहिला होता. त्याच वर्षी अमेरिकन भाषावैज्ञानिक चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बाळबोलींची तुलना करणारा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. अरबी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी आणि स्पॅनिश या पाच भाषांबरोबर सहावी भाषा होती आपली मराठी. मराठी आजीने पाळण्याशी उच्चारलेले बोल जगाच्या विद्येत अभ्यासाचा विषय झाले होते, आणि मी, मराठीचा डॉक्टर, त्यानंतर सोळा वर्षांनी ते बोल अशुद्ध म्हणून घरातून हद्दपार करत होतो. तो लेख वाचताना मला झालेली लाज मी विसरू शकत नाही.

आपण एकदा या बाळबोलीकडे व्याकरणकाराच्या नजरेने पाहू. तिला स्वतःचा शब्दसंग्रह आहे : मंमं, गाई, भुर्र, भूभू, माऊ, हम्मा, चिऊ, काऊ, बाऊ, पापा. यांत म, ब, भ, प ही ओठांची अक्षरे किती आहेत पाहा. ही अक्षरे मुलाला कानाने ऐकू येतात, तशी बोलणाऱ्याच्या ओठांवर डोळ्यांनी दिसतातही. एकच अक्षर दोनदा येते, म्हणजे पहिल्यांदा निसटले तर दुसऱ्यांदा सापडावे. जोडाक्षर जवळजवळ नाहीच. ‘र’ चा ‘ल’ होतो. क्रियापदांचा पसारा टाळून ‘करणे’ या एकाच क्रियापदावर संसार चालतो : गाई करायची, मंमं करायची, पापा करायचा. आणि सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे लिंगाची. मुलगा असो वा मुलगी, मराठी माणूस तान्ह्याशी नपुंसकलिंगात बोलतो : ‘कोण आलं? कुठं गेलं होतं? भूक लागली माझ्या सोन्याला?’ ज्या लिंगाला आपण व्याकरणात निर्जीवाचे समजतो, तेच येथे सर्वांत अधिक मायेचे होते. ही भाषेची मोडतोड म्हणता येणार नाही. शतकानुशतके घासून-पुसून सिद्ध झालेले, ऐकणाऱ्याच्या मापाचे असे हे व्याकरण आहे.

आणि मुलाला ते आवडते काय? १९८५ साली ॲन फर्नाल्ड यांनी चार महिन्यांच्या मुलांसमोर दोन प्रकारचे बोलणे ठेवले : मोठ्यांशी बोलतो तसे आणि तान्ह्यांशी बोलतो तसे. मुले तान्ह्यांशी बोलण्याच्या त्या उंच, लांबवलेल्या, चढत्या-उतरत्या आवाजाकडे वळली. २०२० साली निरनिराळ्या देशांतील ६७ प्रयोगशाळांनी मिळून हाच प्रश्न दोन हजारांहून अधिक बाळांना विचारला आणि कौल तसाच मिळाला. ‘हे बोलणे तुझ्यासाठी आहे’, असे तो आवाज सांगतो. बाळाला मजकूर कळत नाही, पण आपल्याला उद्देशून कोणी बोलत आहे, हे कळते. बाई म्हणाल्या होत्या, बाळ माणूस ऐकतं. त्या याहून वेगळे काय सांगत होत्या?

खरे तर हे समजण्यासाठी मला अमेरिकेला जाण्याचीही गरज नव्हती. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ज्ञानदेवांनी लेकराच्या बोबड्या वाचेने आईबापांना होणाऱ्या अधिकच्या संतोषाचा दाखला दिला आहे आणि त्याच नात्याने श्रोत्यांपुढे आपले बोलणे ठेवले आहे. मी तो अध्याय वर्गात कितीतरी वेळा शिकवला. घरी मात्र त्याची आठवण मला राहिली नाही.

बोलण्याच्या पुढची पायरी गाण्याची. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचा आणि पाळण्यांचा केवढा साठा आहे! साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये आणि डॉ. सरोजिनी बाबर यांनी आपल्या लोकसाहित्याच्या संपादनांत तो जपला नसता, तर आपण किती दरिद्री झालो असतो. पहाटे जाते फिरत असे, मांडीवर पोर असे आणि ओवी त्याच्या कानावरून जात असे. २०१६ साली कॅनडात एक प्रयोग झाला. सात ते दहा महिन्यांच्या मुलांना त्यांच्या ओळखीच्या नसलेल्या तुर्की भाषेतील गाणी आणि त्याच भाषेतील बोलणे ऐकवले. बोलणे ऐकताना मुले जितका वेळ शांत राहिली, त्याच्या सुमारे दुप्पट वेळ ती गाणे ऐकताना राहिली. परक्या भाषेतले, अनोळखी बाईचे गाणे जर एवढे करू शकते, तर मग आपल्या आईच्या, आपल्या आजीच्या बेसूर गळ्यातल्या गाण्याची गोष्टच सोडा. मुलाला सुरेल गळा नको असतो, ओळखीचा हवा असतो.

श्रोतेहो, आता या विषयाची दुसरी, काळजीची बाजू.

आपल्या शेजारचा असीरगड १६०१ साली ज्या अकबर बादशहाने जिंकला, त्याने त्याआधी सुमारे वीस वर्षे एक विचित्र प्रयोग केला होता. माणसाची मूळ भाषा कोणती, हे शोधण्यासाठी त्याने तान्ही मुले एका स्वतंत्र वास्तूत ठेवली आणि सांभाळणाऱ्या दायांना त्यांच्याशी एक शब्दही न बोलण्याचा हुकूम दिला. अबुल फझल आणि बदायुनी या दोघांनीही ही हकीकत लिहून ठेवली आहे. काही वर्षांनी पाहिले तेव्हा मुलांना कोणतीच भाषा येत नव्हती. त्या वास्तूला लोक ‘गुंगमहल’, म्हणजे मुक्यांचा महाल, म्हणू लागले. अन्न, वस्त्र, निवारा यांत बादशहाने काही कमी ठेवले नसेल. उणीव होती ती मुलांना उद्देशून बोलणाऱ्या माणसाची.

आज कोणी असा हुकूम काढणार नाही. परंतु आपण आपल्या घरांत छोटे छोटे गुंगमहल तर बांधत नाही ना, असे मला कधी कधी वाटते. तेथे आवाज पुष्कळ असतो, दूरदर्शन संच चालू असतो, मोबाइलवर गाणी चालू असतात, फक्त मुलाकडे बघून बोलणारे कोणी नसते. २००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या इंग्रजीभाषक घरांतील मुलांना चिनी भाषा ऐकवली. काही मुलांशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून खेळली, बोलली. काहींना तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर दाखवले, तर काहींना नुसते ध्वनिमुद्रण ऐकवले. समोर माणूस होता, ती मुले बारा बैठकांत चिनी ध्वनी ओळखू लागली. पडद्यासमोरची आणि ध्वनिमुद्रण ऐकणारी मुले काहीच शिकली नाहीत. आवाज तोच होता, पण त्या आवाजात मुलाच्या हसण्याला उत्तर देणारे कोणी नव्हते.

आणि या शिकण्याला वेळेची मर्यादाही आहे. १९८४ साली जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीज यांनी आपल्याच ‘त’ आणि ‘ट’ या ध्वनींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजीभाषक प्रौढांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांत फरक ऐकू येणे फार जड जाते. पण त्यांच्याच घरातली सहा ते आठ महिन्यांची मुले तो सहज ओळखत होती. वर्ष भरत आले तोवर मात्र ती क्षमता बहुतेकांच्या बाबतीत ओसरली होती. प्रत्येक मूल सर्व भाषांचे कान घेऊन जन्माला येते आणि पहिल्या वर्षातच, भोवतीची माणसे जी भाषा बोलतात, तिच्यासाठी ते कान घडवून घेते. म्हणजे आपण ज्या वर्षाला ‘अजून त्याला काय कळतंय’ म्हणून उडवून लावतो, तेच वर्ष भाषेच्या दृष्टीने पायाभरणीचे असते.

नेपानगरसारख्या गावात यातून एक प्रश्न उभा राहतो. घरी मराठी, बाहेर हिंदी, शाळेत पुढे इंग्रजी. मग मुलाचा गोंधळ नको म्हणून घरातूनच मराठी काढून टाकावी, असा सल्ला पालकांना मिळतो. माझ्या मुलानेही मला हेच विचारले. तो बेंगळुरूला असतो, सूनबाई कन्नडभाषक आहेत. नात जन्मली तेव्हा तो म्हणाला, ‘बाबा, आपण तिच्याशी एकच भाषा बोलूया का?’ मी त्याला कॅनडातील २०१० सालच्या एका अभ्यासाविषयी सांगितले. गरोदरपणात इंग्रजी आणि तागालोग या दोन्ही भाषा बोलणाऱ्या मातांची नवजात बाळे दोन्ही भाषांकडे ओढ दाखवत होती आणि तरीही त्या दोन भाषा वेगळ्या आहेत हे ओळखत होती. गोंधळ मुलाचा होत नाही, आपला होतो. ज्या माणसाची जी भाषा मनातली आहे, ती त्याने मुलाशी बोलावी. उसन्या भाषेत बोलणाऱ्या आजोबांचा आवाज अडखळतो, आखडतो. आणि मुलाला पहिल्यांदा जे कळते ते हे अडखळणेच.

आणखी एक मुद्दा, तो बाईंच्या आठवणीशी जोडलेला आहे. शिशुवर्गाच्या पहिल्या आठवड्यात बाई प्रत्येक मुलाच्या मागे उभ्या राहून हलक्या आवाजात त्याला हाक मारत. आम्हाला तो खेळ वाटे. एका मुलीने वळून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरचे तिला हट्टी समजत होते. बाईंनी तिच्या वडिलांना बोलावून घेतले आणि डॉक्टरांकडे पाठवले, तेव्हा तिला फार कमी ऐकू येते असे निष्पन्न झाले. पाच वर्षे ती मुलगी हट्टीपणाचा शिक्का आणि त्याबद्दलचा मार सोसत आली होती. आज नवजात बाळाची श्रवणचाचणी करता येते आणि २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. बाळ मोठ्या आवाजाने दचकत नसेल, सहा-सात महिन्यांचे होऊनही हाकेकडे मान वळवत नसेल, आवाज काढता काढता मध्येच गप्प झाले असेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून वाट पाहू नका. आणि ऐकू येत नसले तरी मूल भाषेला मुकत नाही. १९९१ साली लॉरा पेटिटो यांनी दाखवले, की खुणांची भाषा बोलणाऱ्या बहिऱ्या आईबापांची बहिरी बाळे हातांनी बोबडे बोलतात. त्यांच्यासाठी आवाज हातांत असतो. पण तेथेही गरज तीच, समोर बसून त्या मुलाशी बोलणाऱ्या माणसाची.

आता समारोपाकडे येतो. बाई त्या दिवशी निघून गेल्यावर मी आईला काय म्हणालो, असे आपल्याला वाटले असेल. मी काहीच म्हणालो नाही. चूक कळली नव्हती असे नाही. अर्धीमुर्धी कळली होती. पण आईची क्षमा मागण्याइतका मी मोठा झालो नव्हतो. दुसऱ्या दिवशी बाजारातून परत आलो, तेव्हा दार लोटलेले होते आणि आतून आईचा आवाज येत होता : ‘अले अले, कोन हशलं ले?’ मुलगा खळखळून हसत होता. तीन महिन्यांच्या आयुष्यातले ते त्याचे पहिले खळखळून हसणे असावे. मी पिशवी खाली ठेवली आणि दाराबाहेरच उभा राहिलो. मी आत गेलो असतो, तर ती गप्प झाली असती. १९८३ साली आई गेली. जे सांगायचे ते सांगायचे राहून गेले.

नात आठ महिन्यांची झाली, तेव्हा मी बेंगळुरूला गेलो. तोवर मी तिला फोनच्या पडद्यावर रोज दिसत होतो. ती पडद्याला हात लावी, हसे, आणि मला वाटे, ओळख झाली. प्रत्यक्षात मी समोर उभा राहिल्यावर ती आईला चिकटली आणि तिने भोकाड पसरले. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघेच होतो. मी खाली सतरंजीवर बसलो आणि माझ्या तोंडून जे निघाले ते मी आयुष्यात कधीच बोललो नव्हतो : ‘अले अले अले, कोन आलं गं?’ चाल आईची होती, चढही तोच, उतारही तोच. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्या आवाजाला मी गप्प केले होते, तो माझ्याच गळ्यात कोठेतरी शिल्लक होता. कारण त्याच आवाजाने कधीकाळी माझ्याशीही बोलणे केले असणार. नातीने खेळणे सोडले, माझ्या ओठांकडे बराच वेळ पाहिले आणि ती रांगत माझ्याकडे आली.

बाईंच्या स्मृतीला वंदन करताना मला आपल्यापाशी एवढेच मागणे मागायचे आहे. आपल्या घरात तान्हे मूल असेल, तर घरातल्या प्रत्येक माणसाने दिवसातून थोडा वेळ, त्याच्या तोंडाकडे बघत, आपल्या भाषेत त्याच्याशी बोलावे. घरातल्या आजीला बोबडे बोलू द्यावे, बेसूर गाऊ द्यावे. तिच्या बोलण्यातले व्याकरण दुरुस्त करण्यासाठी पुढे शाळा आहे, आमच्यासारखे मास्तर आहेत. तिच्या आवाजाला मात्र पर्याय नाही.